उन्हाळ्यापुरते पाहुणे

प्रवासवर्णनाची चर्चा आपल्याकडे निघाली की लेखकाची शैली कशी आहे आणि त्याची दृष्टी किती चौकस आहे, या दोन प्रश्नांपाशी ती बहुधा थांबते. हे दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. परंतु लेखक त्या प्रदेशात कोणत्या ऋतूत गेला होता आणि तेथे किती काळ राहिला, हे आपण क्वचितच विचारतो. हा वाङ्मयाचा नव्हे, पंचांगाचा प्रश्न झाला, असे कोणी म्हणेल. डोंगराळ मुलुखाविषयीच्या पुस्तकांपुरता तरी तो वाङ्मयाचाच आहे, असे मला वाटते. बर्फ वितळून खिंडी मोकळ्या झाल्याखेरीज परका माणूस तेथे पोचत नाही आणि पुन्हा बर्फ पडण्यापूर्वी त्याला परतावे लागते. त्याने पाहिलेली माणसे ही वर्षातल्या त्या दोन-अडीच महिन्यांतली माणसे असतात. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मात्र साऱ्या प्रदेशाचे नाव असते.

एरिक न्यूबी या इंग्रज लेखकाचे ‘अ शॉर्ट वॉक इन द हिंदू कुश’ हे १९५८ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक या दृष्टीने तपासून पाहण्याजोगे आहे. इंग्रजी प्रवासवाङ्मयात त्याला मानाचे स्थान आहे, आणि ते स्थान त्याने विनोदाच्या बळावर मिळवले आहे. न्यूबी लंडनमध्ये स्त्रियांच्या तयार कपड्यांच्या व्यवसायात होता. त्या व्यवसायाला कंटाळून त्याने दूर ब्राझीलमध्ये असलेल्या ह्यू कार्लेस या राजनैतिक सेवेतील मित्राला एका ओळीची तार पाठवली, आणि १९५६ च्या उन्हाळ्यात दोघे अफगाणिस्तानात दाखल झाले. मीर समीर नावाचे, तोवर कोणीही न जिंकलेले शिखर चढावयाचे आणि पलीकडच्या नूरिस्तानात उतरावयाचे, असा बेत होता. गिर्यारोहणाचा अनुभव म्हणाल तर निघण्यापूर्वी वेल्समध्ये घेतलेले चार दिवसांचे शिक्षण! बर्फावर पाऊल कसे रोवावे हे प्रत्यक्ष हिमनदीवर उभे राहून पुस्तिकेत पाहणारे हे वीर शिखराच्या बरेच जवळ जाऊन माघारी फिरले.

या साऱ्या भागात न्यूबीचा विनोद निर्दोष आहे. नव्या बुटांनी सोलवटलेले त्याचे पाय, दोघांनाही जडलेला अतिसार, कार्लेसचा तऱ्हेवाईक हट्ट, सोबतच्या तीन पंजशिरी घोडेवाल्यांपुढे दोघांची होणारी फजिती, या सर्वांत हसण्याचा विषय लेखक स्वतःच आहे. आपल्या वाचकाला ही रीत परकी वाटू नये. बडोद्यास पाली भाषा शिकवणाऱ्या चिं. वि. जोशी यांनी चिमणरावाच्या तोंडून हेच केले होते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’तला (१९६०) प्रवासीदेखील विलायतेपेक्षा स्वतःलाच अधिक हसतो. अशा विनोदाचा एक गुण समीक्षकांनी पुरेसा सांगितलेला नाही. लेखक स्वतःचा मोठेपणा उतरवून ठेवतो तेव्हा आसपासच्या माणसांना उभे राहावयास जागा मिळते. पंजशीरच्या खोऱ्यातील तुतीची झाडे, फारसी बोलणारे ताजिक शेतकरी, घोड्यांच्या पाठीवरच्या ओझ्यावरून रोज चालणारी हुज्जत, हे सारे या पुस्तकात जिवंत झाले आहे. कार्लेसला फारसी येत होती हेही विसरता कामा नये. त्यामुळे पंजशीरचा माणूस येथे बोलतो, उलट उत्तर देतो, क्वचित या साहेबांची कीवही करतो.

चामार खिंड ओलांडली की पुस्तक बदलते.

खिंडीपलीकडचा नूरिस्तान हा १८९५ पर्यंत काफिरीस्तान म्हणून ओळखला जाणारा प्रदेश. सभोवार इस्लाम पसरला असताना येथील लोकांनी आपले प्राचीन दैवतांचे उपासनामार्ग शतकानुशतके राखले होते. इम्रा हा त्यांचा श्रेष्ठ देव, गीश युद्धाचा देव, दिझाने ही देवी. त्यांच्या भाषाही वेगळ्या. कती, वायगली, अश्कुन, प्रसुन अशा थोड्याथोड्या खोऱ्यांत बोलल्या जाणाऱ्या या भाषा भारतीय व इराणी या दोन आर्य शाखांहून निराळी तिसरी शाखा होत, असे नॉर्वेचे भाषापंडित मॉर्गनस्टिअर्न यांच्या संशोधनानंतर बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. १८९३ मध्ये ड्युरँड रेषा आखली गेली आणि हा मुलूख बहुतांशी काबूलच्या अमिराच्या वाट्याला आला. अमीर अब्दुर रहमान याने १८९५-९६ च्या हिवाळ्यात स्वारी करून तो जिंकला, लोकांना मुसलमान केले, आणि प्रदेशाला ‘प्रकाशाची भूमी’ असे नवे नाव दिले. स्वारीसाठी हिवाळा मुद्दाम निवडला होता. बर्फाने खिंडी मिटलेल्या असताना लोकांना पळून जावयास वाट नव्हती.

हा इतिहास न्यूबीला ठाऊक होता. परंतु प्रत्यक्ष माणूस समोर आला की त्याच्या लेखणीतून प्रथम नवल उमटते आणि मग विनोद. एक प्रसंग प्रसिद्ध आहे. न्यूबीच्या मनगटावरील घड्याळात पाणी शिरत नाही असे समजल्यावर एका नूरिस्तानी माणसाने ते घेऊन शिजत असलेल्या मांसाच्या भांड्यात टाकले. वाचक येथे खळखळून हसतो, मीही हसलो. दुसऱ्या वाचनात मात्र हे हसू कोणाला उद्देशून आहे, असा प्रश्न मनात आला. त्या माणसाने जे केले ते सर्वस्वी तर्काला धरून होते. विधान त्याला सांगितले गेले, आणि ते त्याने हाताशी असलेल्या साधनाने पडताळून पाहिले. खिंडीअलीकडे असता तर त्याला दोन वाक्ये बोलावयास मिळाली असती. येथे तो मुका आहे, कारण लेखकाला त्याची भाषा येत नाही. लेखकाच्या अज्ञानाची भरपाई पात्राच्या विचित्रपणाने झालेली आहे.

भाषेचा मुद्दा पुस्तकात वेगळ्या रीतीनेही आला आहे, आणि तो भाग मला सर्वांत उद्बोधक वाटतो. प्रवाशांपाशी डेव्हिडसन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने तयार केलेले बाशगली भाषेचे, १९०१ साली कलकत्त्यास छापलेले पुस्तक होते. त्यात व्याकरणाबरोबर नमुन्याची अनेक वाक्ये आहेत. न्यूबीने त्यांतील निवडक वाक्ये वाचकापुढे मांडून मोठी गंमत उडवली आहे. गलगंड किती दिवसांपासून आहे हे कसे विचारावे, शेतात प्रेत पाहिल्याचे कसे सांगावे, गिधाडाने झेप घेऊन कोंबडा उचलून नेला हे कसे कळवावे, असल्या वाक्यांचा प्रवाशाला काय उपयोग, हा विनोदाचा गाभा. डेव्हिडसनने मात्र ही वाक्ये मौज म्हणून रचलेली नव्हती. समुद्रापासून दूर असलेल्या डोंगरी खोऱ्यांत अन्नपाण्यात आयोडीन कमी पडते आणि गलगंड घरोघर दिसतो. ज्या समाजात कुळाकुळांतील वैर पिढ्यान्‌पिढ्या चाले, तेथे शेतातले प्रेत ही वार्ता होती. कोंबडा नेणारे गिधाड हे तर गरिबाचे नुकसान. ज्याला आपण निरुपयोगी वाक्य म्हणून हसतो ते कोणाच्या तरी घरात रोज बोलले जात होते.

बेळगाव, हैदराबाद, ग्वाल्हेर अशा ठिकाणी राहणाऱ्या आपणांस हे समजावयास कठीण जाऊ नये. शेजाऱ्याची भाषा पुस्तकातून शिकताना हसू येते आणि तीच बाजारात कानी पडली की हसू थांबते, हा आपला नित्याचा अनुभव आहे. त्या शुष्क व्याकरणात नूरिस्तानचा माणूस न्यूबीच्या रसाळ प्रकरणांपेक्षा जवळून भेटतो, हे विधान मी विचारपूर्वक करीत आहे.

आता ऋतूविषयी. नूरिस्तानात परंपरेने शेती स्त्रियांची आणि गुरे-शेळ्या पुरुषांच्या. उन्हाळा चढला की पुरुष कळप घेऊन उंच कुरणांवर जातात, तेथे दूध-लोणी-चीज यांचे काम चालते. गावात, बांधबंदिस्ती केलेल्या लहान लहान शेतांत स्त्रिया राबत असतात. उन्हाळ्याच्या अखेरीस खिंडीवरून उतरणाऱ्या परक्याला म्हणून प्रथम भेटतो तो कुरणावरचा गुराखी. हट्टाकट्टा, मोकळा, नव्या वस्तू हाताळून पाहणारा, आणि थोडा वेळ हाती असलेला. नूरिस्तानी माणूस असाच असतो अशी प्रवाशाची समजूत होते. गाव त्याला दुरून दिसते, स्त्रिया पाठमोऱ्या दिसतात. सणसमारंभ, पंचायती, लाकडावरचे नक्षीकाम, लग्नांच्या वाटाघाटी, हे सर्व ज्या महिन्यांत घडते तेव्हा प्रवासी लंडनमध्ये आपले हस्तलिखित पुरे करीत असतो. न्यूबीच्या नूरिस्तानात हिवाळाच नाही. मुंदुल सरोवराकाठची त्याची वर्णने सुंदर आहेत, प्रकाशाने भरलेली आहेत, आणि तो प्रकाश ऑगस्टचा आहे.

याच्याशेजारी जॉर्ज स्कॉट रॉबर्टसन याचा ‘द काफिर्स ऑफ द हिंदू-कुश’ (१८९६) हा ग्रंथ ठेवावा. रॉबर्टसन हिंदुस्थान सरकारच्या वैद्यकीय सेवेतला, पुढे राजकीय कामावर नेमलेला अधिकारी. १८९० च्या शरदापासून सुमारे वर्षभर तो कामदेश या गावी व आसपास राहिला. वाङ्मयगुण म्हणाल तर थोडेच. ग्रंथ जाडजूड आणि पाल्हाळिक आहे, आणि लेखकाची तक्रारखोर वृत्ती पानोपानी जाणवते. हे लोक लोभी आहेत, भांडखोर आहेत, मला फसवतात, हे त्याचे पालुपद. भाषेसाठी त्याला दुभाषांवर विसंबावे लागले. त्याची साम्राज्यसेवेची भूमिका तर लपण्यासारखी नव्हतीच.

तरीही त्याने तेथे हिवाळा काढला. गावात अडकून पडलेल्या माणसांबरोबर तोही अडकून पडला. त्यामुळे मेजवान्यांवर मेजवान्या देऊन वर्षानुवर्षे कष्टाने मिळवावयाचा ‘जश्त’ हा सामाजिक दर्जा, त्यापायी कर्जात बुडणारी घरे, रात्रीची नृत्ये, जमिनीवर उघड्या ठेवलेल्या शवपेट्या, मृतांच्या लाकडी प्रतिमा, खुनाचा दंड ठरविण्याच्या बैठका, हे सारे त्याने पाहिले आणि कंटाळवाण्या तपशिलासह लिहिले. तो ग्रंथ छापून बाहेर आला तेव्हा अमिराची स्वारी होऊन गेली होती. लेखकाने वर्तमान म्हणून लिहिलेला धर्म वाचकाच्या हाती पडेपर्यंत इतिहासजमा झाला होता. त्या लाकडी प्रतिमांपैकी काही काबूलच्या संग्रहालयात आल्या. तेथे २००१ मध्ये तालिबानांनी त्या फोडल्या, आणि पुढे तुकडे जुळवून त्यांतील काही पुन्हा उभ्या करण्यात आल्या.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. रॉबर्टसन हा नोंदकार, न्यूबी हा कलावंत. दोघांना एका तागडीत का घालावे? वाङ्मय म्हणून न्यूबीच श्रेष्ठ, यात वाद नाही. शिवाय तो कोणतीही बतावणी करीत नाही. ‘छोटीशी रपेट’ असे नाव देऊन त्याने आपली मर्यादा आधीच कबूल केली आहे, आणि ज्ञानाचा आव आणणाऱ्या प्रवाशांपेक्षा ही कबुली शतपट बरी. माझे म्हणणे एवढेच की ही कबुली त्याच्या पायांच्या फोडांपर्यंत पोचते, त्याच्या निरीक्षणापर्यंत पोचत नाही. मला चढता येत नाही, असे तो शंभर वेळा सांगतो. मला या माणसांचे बोलणे कळत नाही, हे मात्र तो गंमत म्हणून सांगतो, उणीव म्हणून नव्हे. विनोदी लेखकाची खरी परीक्षा मला या फरकात दिसते.

पुस्तकाचा शेवट सर्वांना आवडतो. परतीच्या वाटेवर पंजशीरमध्ये या दोघांना विल्फ्रेड थेसिजर हा अरबस्तानच्या वाळवंटात वर्षे काढलेला नामांकित प्रवासी भेटतो. रात्री खडकाळ जमिनीवर अंथरण्यासाठी दोघे आपल्या रबरी गाद्या फुगवू लागतात आणि थेसिजर एका शब्दात त्यांची नाजूक म्हणून संभावना करतो. येथेच पुस्तक संपते. विनोदाची रचना म्हणून हा शेवट अप्रतिम आहे, कारण शेवटचा फटका लेखकाने स्वतःवर घेतला आहे. पण तो फटका एका इंग्रजाने दुसऱ्या इंग्रजाला मारलेला आहे. महिनाभर ज्यांनी ओझी वाहिली, ज्यांना नूरिस्तानात पाऊल टाकण्याची भीती वाटत असतानाही जे सोबत आले, त्या घोडेवाल्यांना या शेवटच्या ओळीत स्थान नाही.

प्रवासवर्णन हा विषय जे महाविद्यालयात शिकवतात त्यांनी काबूल ते मीर समीर ही प्रकरणे विद्यार्थ्यांकडून अवश्य वाचून घ्यावीत. स्वतःला हसण्याची कला शिकावयास यापेक्षा चांगला पाठ मिळणार नाही. चामार खिंडीनंतरची प्रकरणे मात्र रॉबर्टसनच्या जश्त-समारंभाच्या वर्णनाशेजारी ठेवून वाचावीत, मग दोन्ही कितीही विजोड दिसोत.