श्रमाचे अनुमान आणि निरीक्षकाची विश्वसनीयता

कामकऱ्यास किती श्रम पडतात हे दुसऱ्याने पाहून ठरवावयाचे, ही रीत श्रमविषयक संशोधनात जुनी आहे. फ्रेडरिक टेलर यांच्या १९११ च्या ग्रंथात बिडाच्या लगडी वाहणाऱ्या मजुराचे काम दिवसाला १२.५ टनांवरून ४७.५ टनांवर नेल्याचा दाखला आहे. वेळ घड्याळाने मोजला गेला. परंतु ‘वाजवी गती’ कोणती, हे अखेर निरीक्षकाच्या नजरेनेच ठरले. या पद्धतीचे वैगुण्य नेमके येथे आहे.

पुणे-सातारा रस्त्यावरील किकवी व भोर-वेल्हे परिसरातील भातशेतीचे उदाहरण घ्यावे. चिखलणी हे पुरुषाचे ‘जड’ काम आणि लावणी हे बायकांचे ‘हलके’ काम, अशी रूढ समजूत आहे. चिखलणीत हालचाल मोठी असते, म्हणून ती डोळ्यांत भरते. लावणीत हात तेवढे हलतात. कंबर मात्र तासन्‌तास वाकलेली आणि पाय चिखलात रुतलेले असतात. स्नायूंचा हा स्थिर ताण दिसत नाही. पावसात घाम ओळखू येत नाही. इरल्याखाली पाठही झाकली जाते. ज्या खुणांवर निरीक्षक विसंबतो, त्याच येथे लोपतात.

अशा स्थितीत दोन निरीक्षकांचे एकमत हा पुरावा मानता येईल काय? समजा, दोघांनाही दहांपैकी नऊ प्रसंग ‘हलके’ व उरलेला ‘जड’ लिहिण्याची सवय आहे. मग शेताकडे न पाहताही शंभरांपैकी सुमारे ८२ नोंदी जुळतील. हे योगायोगाचे एकमत वजा करण्यासाठीच जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये कप्पा गुणांक मांडला. तथापि, कप्पा उत्तम आला तरी शंका उरते. दोघांचा पूर्वग्रह एकच असेल, तर ते सातत्याने एकच चूक करतील. विश्वसनीयता म्हणजे यथार्थता नव्हे.

गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० अंकांची श्रेणी येथे उपयोगी पडते. निवडलेल्या अंकाची दसपट निरोगी व्यक्तीच्या नाडीच्या ठोक्यांशी साधारणपणे जुळावी, अशी तिची रचना आहे. मात्र ती श्रम करणाराच्या स्वतःच्या जाणिवेसाठी आहे. निरीक्षकाने परस्पर भरलेला अंक ही निराळीच राशी होय. नाडीही निर्विवाद साक्षीदार नाही, कारण उष्मा व स्थिर ताण यांनी ती प्राणवायूच्या गरजेहून अधिक वाढते.

हा वाद केवळ पद्धतीचा नाही. समान वेतनाच्या १९७६ च्या कायद्याने समान कामाची कसोटी कौशल्य, श्रम व जबाबदारी यांवर ठेवली होती. श्रमाचे अनुमानच चुकले, तर न्याय्य कायदाही लावणी करणारीच्या पदरी कमी मजुरी टाकील. रोजगार हमीच्या कामावर खड्ड्याचे माप फितीने घेता येते. जमीन मऊ की मुरमाड, हा निर्णय मात्र पाहणाराचाच असतो.

म्हणून निरीक्षकांत ते काम केलेल्या स्त्रियाही असाव्यात. प्रचलित मजुरीचे दर निरीक्षकांपासून दूर ठेवावेत. त्याच प्रसंगाची नोंद काही काळाने पुन्हा घ्यावी. आणि कामकरणीचे स्वतःचे अनुमान शेजारच्या रकान्यात लिहावे. दोन रकान्यांत तफावत दिसली, तर प्रथम निरीक्षकाची नोंद तपासावी. वाकलेली कंबर तिची आहे.