सेंट फ्रान्सिस इन द डेझर्ट
प्रबोधनकाळातील व्हेनिशियन चित्रकार जोव्हान्नी बेल्लीनी (मृ. १५१६) याचे विख्यात धार्मिक चित्र. लाकडी फलकावर तैलरंगात रंगविलेल्या या चित्राचा काळ सु. १४७५–८० असा मानतात. कलारसिक मार्कान्तॉन्यो मिक्येल याने १५२५ मध्ये ते व्हेनिसमधील ताद्देओ कॉन्तारीनी याच्या घरी पाहिले आणि आपल्या टिपणांत ओसाड प्रदेशातील संत फ्रान्सिसचे चित्र म्हणून त्याची नोंद केली. प्रचलित शीर्षक या नोंदीशी जुळणारे आहे. १९१५ मध्ये हेन्री क्ले फ्रिक याने ते खरेदी केले. ते आता न्यूयॉर्क येथील फ्रिक संग्रहात आहे.

पर्वतातील आपल्या कुटीबाहेर संत अनवाणी उभा आहे. हात किंचित पसरलेले असून दृष्टी डावीकडे, वर वळलेली आहे. त्याच्या मागे द्राक्षवेलीचा मांडव, मेजावर मानवी कवटी आणि मेजाखाली काढून ठेवलेल्या वहाणा दिसतात. पलीकडे गाढव, बगळा, मेंढपाळ व तटबंदीचे नगर आहे. डावीकडील वृक्ष प्रकाशाने उजळलेला आहे.

या चित्रातील नेमका प्रसंग कोणता, याविषयी मतभेद आहेत. परंपरेनुसार १२२४ मध्ये ला व्हेर्ना पर्वतावर फ्रान्सिसच्या देहावर ख्रिस्ताच्या पाच जखमांच्या खुणा उमटल्या. हा प्रसंग रंगविताना सहा पंखांचा देवदूत आणि त्याच्यापासून संताच्या देहापर्यंत येणारे किरण दाखविण्याचा प्रघात होता. जॉत्तोच्या लूव्हर संग्रहालयातील चित्रात तो स्पष्ट दिसतो. बेल्लीनीने देवदूत व किरण दोन्ही वगळले. मात्र तळहातांवरील खुणा राखल्या.

मिलर्ड मीस याने १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा प्रसंग क्षतचिन्हांच्या प्राप्तीचाच असून येथे देवदूताचे कार्य प्रकाश करतो, असे प्रतिपादिले. फ्रान्सिसने रचलेल्या सूर्यस्तोत्राशीही काही समीक्षक चित्राचा संबंध जोडतात. सृष्टीविषयीची आत्मीयता त्यामुळे उलगडते, परंतु तळहातांवरील खुणांचा अर्थ लागत नाही. जॉन फ्लेमिंग याने १९८२ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मपरंपरेच्या आधारे चित्रातील तपशिलांचा अर्थ लावला. जळत्या झुडपासमोर पायतण काढणाऱ्या मोशेचे स्मरण येथील वहाणांमुळे होते. तथापि प्रत्येक प्राण्याला व वनस्पतीला निश्चित सांकेतिक अर्थ चिकटविल्यास चित्र कोड्यासारखे होते आणि त्यातील निरीक्षणाचा ताजेपणा हरवतो.

याउलट, यास केवळ निसर्गचित्र समजणेही अपुरे आहे. संताची मुद्रा, उघडे तळहात आणि डावीकडून येणारा उजेड यांचा परस्परसंबंध इतका दृढ आहे की, त्यांतील एकही घटक वगळता येत नाही. मेंढपाळ वा गाढव यांना या घटनेची जाणीव नाही; ज्या उजेडात त्यांचा नित्यक्रम चालू आहे, तोच संतापुरता साक्षात्कार ठरतो. म्हणून मीसचा निष्कर्ष मूलतः ग्राह्य वाटतो. मात्र बेल्लीनीने चमत्कार सृष्टिक्रमाबाहेर न ठेवता सृष्टीतच सामावला, अशी पुस्ती त्यास जोडावी लागते. ‘ओसाड प्रदेश’ या शब्दांचा अर्थही येथे वाळवंट नसून साधकाचा एकांतवास असा आहे. श्रद्धेचा विषय आणि प्रत्यक्ष पाहिलेले जग यांचा हा मेळ व्हेनिशियन चित्रकलेला बेल्लीनीने दिलेली मोठी देणगी होय.