घडवलेले गट, घडीव गाणी

बंगळूरला आपल्या कानाचा फार अभिमान आहे. रोलिंग स्टोन्स एप्रिल २००३ मध्ये भारतात आले तेव्हा मुंबईच्या आधी इथल्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजले. २००७ साली त्याच मैदानावर आयर्न मेडन येऊन गेले. अशा गावात ‘गर्ल ग्रुप’ हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस सौम्य हसतो. मुली चाचणी घेऊन निवडलेल्या, गाणी दुसऱ्याने लिहिलेली, कपडे तिसऱ्याने ठरवलेले. त्यात ऐकायचं काय? गंमत म्हणजे याच गावात चामराजपेटेतल्या फोर्ट हायस्कूलच्या पटांगणात श्रीरामसेवा मंडळीचा रामनवमी उत्सव १९३९ पासून चालू आहे, आणि तिथे बसलेला एकही रसिक गायकाला विचारत नाही की ही कृती तुम्ही स्वतः रचली का. रचना त्यागराजांची आहे. गायकाने तिचं काय केलं, एवढंच तो ऐकतो. पॉपच्या बाबतीत मात्र हा कान बाहेर चपलांजवळ राहतो.

तो आत घेऊन यायचा तर २००२ हे साल सोयीचं आहे. न्यूझीलंडमध्ये १९९९ साली ‘पॉपस्टार्स’ नावाचा कार्यक्रम झाला. त्यात चाचण्या घेऊन ‘ट्रूब्लिस’ हा मुलींचा गट उभा केला गेला, आणि ती कल्पना देशोदेशी विकली गेली. २००२ मध्ये तिला भारतात आणि ब्रिटनमध्ये एकेक पंचकडी लाभली. चॅनल व्हीने आपल्याकडे ‘व्हिवा’ उभा केला: नेहा भसीन, अनुष्का मनचंदा, प्रतीची महापात्रा, महुआ कामत आणि सीमा रामचंदानी. ब्रिटनमध्ये ‘पॉपस्टार्स: द रायव्हल्स’ने शेरिल ट्वीडी, नदीन कॉयल, सारा हार्डिंग, निकोला रॉबर्ट्स आणि किंबर्ली वॉल्श यांचा ‘गर्ल्स अलाउड’ घडवला. साचा एकच, वर्षही एकच. पुढच्या दहा वर्षांत एका गटाने लागोपाठ वीस गाणी ब्रिटनच्या पहिल्या दहांत नेली. दुसरा दोन अल्बम काढून विरला. हा फरक आवाजांनी पडला असं मला वाटत नाही.

गर्ल्स अलाउडचं पहिलं गाणं, ‘साउंड ऑफ द अंडरग्राउंड’, लक्ष देऊन ऐका. सुरुवातीला गिटारची एक टणत्कारी, साठच्या दशकातल्या हेरपटाची आठवण करून देणारी ओळ येते. तिच्या खाली ठेका मात्र क्लबातला, धावता, ड्रम अँड बासच्या वळणाचा. या दोन गोष्टी एकमेकींच्या नाहीत, आणि गाण्याची सगळी लज्जत त्या बेबनावात आहे. मुली वरच्या पट्टीत आरडाओरडा करत नाहीत. अंतरा खालच्या स्वरात, थोड्या तुसडेपणाने म्हणतात आणि ध्रुवपदाला सगळ्या एकत्र होतात. नुकत्याच स्पर्धा जिंकलेल्या गटाकडून लोकांची अपेक्षा असते डोळ्यांत पाणी आणणाऱ्या संथ गाण्याची. हे गाणं तसं काहीच करत नाही. त्याच कार्यक्रमातून निघालेल्या मुलांच्या ‘वन ट्रू व्हॉइस’ला मागे टाकून ते २००२ च्या नाताळात पहिल्या क्रमांकावर गेलं.

त्याहून धीट ‘बायॉलॉजी’, २००५ चं. आधी ब्लूजचा एक धसमुसळा रिफ आणि नदीनचा खडा आवाज. वाटतं, हाच मुखडा. तो सोडून गाणं भलत्याच ठिकाणी जातं: गुळगुळीत सिंथवर हलका, जवळजवळ कुजबुजता अंतरा. मग तिसरा तुकडा, चढत जाणारा. खरं ध्रुवपद हाती लागायला दोनेक मिनिटं लागतात. तोवर ऐकणाऱ्याला तीन वेळा ‘आलंच’ असं वाटून गेलेलं असतं. आपल्याकडे ख्यालिया सम दाखवून ती हुलकावणीने टाळतो, तेव्हा मैफलीत जी हालचाल होते ती इथे साडेतीन मिनिटांच्या पॉप गाण्यात होते. ते चौथ्या क्रमांकावर थांबलं. त्याच वर्षी प्रतिस्पर्धी शुगाबेब्सचं ‘पुश द बटन’ पहिल्यावर होतं. तेही चांगलं आहे, पण पहिल्या अर्ध्या मिनिटातच आपले सगळे पत्ते उघडे करतं.

शुगाबेब्स हे वेगळं प्रकरण. १९९८ साली व्यवस्थापकाने जुळवलेल्या तीन शाळकरी मुली: कीशा ब्यूकॅनन, म्यूट्या ब्वेना, शिवॉन डॉनही. त्यांचं पहिलं गाणं ‘ओव्हरलोड’ २००० साली आलं. एक कोरडी बास ओळ, मोजके ड्रम, मध्येच गिटारचा तुकडा, आणि त्यावर पंधरा-सोळा वर्षांच्या पोरी अशा गातात की जणू आपल्याला कोणी ऐकत असल्याची त्यांना पर्वाच नाही. म्यूट्याचा आवाज वयाच्या मानाने गडद, घोटलेला. तिघींच्या आवाजांचे पोत इतके निराळे की डोळे मिटूनही कोण गातंय ते कळावं. इथे शुगाबेब्स वरचढ आहेत. गर्ल्स अलाउडमध्ये नदीन वगळता बाकीच्या चौघींना ओळखायला सराव लागतो. २००२ मध्ये शुगाबेब्सनी ‘फ्रीक लाइक मी’ आणलं. १९७९ च्या गॅरी न्यूमनच्या थंड, यंत्रवत सुरावटीवर एक जुनं आर अँड बी गाणं बसवलेलं. दोन परके तुकडे शिवून तिसरंच वस्त्र तयार झालं, आणि त्यांना पहिला नंबर वन मिळाला.

त्यांचा दुसरा नंबर वन त्याच वर्षीचा: ‘राउंड राउंड’. ठेका गरगर फिरत असतो आणि मध्येच गाणं अचानक संथ होतं, एक हळवा तुकडा येतो, मग पुन्हा गरगर. ही तुकडे जोडायची खोड ओळखीची वाटते ना? वाटायलाच हवी. ‘राउंड राउंड’मागे ब्रायन हिगिन्स आणि त्यांची झेनोमेनिया ही गाणी करणारी मंडळी होती, आणि गर्ल्स अलाउडची जवळजवळ सगळी मोठी गाणी याच पेढीतून आली. चाहत्यांनी वर्षानुवर्षं ज्या दोन गटांची भांडणं लावली, त्यांची चूल काही काळ एकच होती. शुगाबेब्सचे सहा नंबर वन, गर्ल्स अलाउडचे चार. हा हिशोब मांडताना ते लक्षात ठेवलेलं बरं.

मराठी रसिकाला यात नवल वाटू नये. आपल्या संगीत नाटक मंडळ्या याच रीतीने चालत. ‘मानापमान’ लिहिलं खाडिलकरांनी, चाली दिल्या गोविंदराव टेंब्यांनी, आणि टाळ्या घेतल्या गाणाऱ्या नटांनी. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श यांची ईर्ष्या अशी की गावंच्या गावं दोन तटांत वाटली जात. त्या दोन मंडळ्यांचे बालगंधर्व आणि केशवराव भोसले जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’मध्ये एकत्र उभे राहिले. मार्च २००७ मध्ये गर्ल्स अलाउड आणि शुगाबेब्सनीही एका धर्मादाय निधीसाठी ‘वॉक धिस वे’ मिळून गायलं. तेही पहिल्या क्रमांकावर गेलं, मात्र दोन्ही गटांच्या कारकिर्दीतलं ते सगळ्यात निरस गाणं आहे. नवी चाल कुणी दिलीच नव्हती. एक जुनं रॉक गाणं दोन गटांत वाटून घेतलं होतं.

आता व्हिवाकडे येऊ. ‘हम नए गीत सुनाएँ’मध्ये पाच आवाज एकामागून एक पुढे येतात, आणि त्यात भसीनचा दाणेदार, किंचित खरखरीत आवाज तेव्हाच वेगळा काढता येतो. गाणं प्रसन्न आहे, पण सरळ आहे. जे सुरुवातीला सांगतं तेच शेवटी. पुढची गाणीही व्यवस्थित आहेत. अडखळवणारं, दुसऱ्यांदा ऐकायला लावणारं वळण मात्र क्वचितच. गटाला वर्षानुवर्षं खास त्यांच्यासाठीच गाणी करणारी पेढी मिळाली नाही. २००३ च्या ‘व्हिवा रीलोडेड’च्या आधीच सीमा बाहेर पडली होती. त्याच वर्षी वाहिनीने ‘आसमा’ हा दोन मुली आणि दोन मुलांचा पुढचा गट उभा केला. म्हणजे गटाचा निर्माताच त्याचा प्रतिस्पर्धी घडवायला बसला.

मोजमापाचीही पंचाईत होती. ब्रिटनमध्ये दर आठवड्याला खपाचा अधिकृत तक्ता लागे. आपल्याकडे काउंटडाऊन वाहिन्यांचे, आणि व्हिवाही वाहिनीचाच. बंगळूरला जुलै २००१ मध्ये रेडिओ सिटीने देशातलं पहिलं खाजगी एफएम केंद्र सुरू केलं होतं, पण तिथेही राज्य सिनेसंगीताचंच. बिलबोर्डचा भारतीय गाण्यांचा तक्ता थेट २०२२ साली आला. व्हिवाचा खरा प्रतिस्पर्धी कुठला गट नव्हताच. तो हिंदी सिनेमा होता. सिनेमाला पडद्यावरच्या एका नायिकेमागे एक आवाज पुरतो, पाचांच्या गटाचं त्याला काम नाही. म्हणून त्याने गट घेतला नाही, गळे घेतले. भसीनला ‘सुलतान’मधल्या ‘जग घूमेया’साठी फिल्मफेअर मिळालं. ‘आसमा’ची नीती मोहन ‘जब तक है जान’मधलं ‘जिया रे’ गाऊन गेली. निवड करणाऱ्यांचे कान खोटे नव्हते, एवढं यावरून सिद्ध होतं.

२०२४ मध्ये ‘विश’ हा चार मुलींचा गट आला, ‘लझीझ’ घेऊन. त्यामागे मिकी मॅक्लेअरी आहेत. आमच्या येलहंक्याला राहणाऱ्या लकी अलींच्या ‘सुनो’चा नाद घडवण्यात त्यांचा हात होता. पहिल्या दिवसापासून एकच संगीतकार सोबत असणं ही व्हिवाला न लाभलेली गोष्ट. त्यातून काय निघतं ते क्रमांकांवरून कळणार नाही.

मला विचाराल तर आवाजांत शुगाबेब्स, रचनेत गर्ल्स अलाउड, आणि एकच गाणं निवडायचं झालं तर चौथ्या क्रमांकावर थांबलेलं ‘बायॉलॉजी’. गट कारखान्यात जुळला, याचं कानाला काही देणंघेणं नसतं. त्या कारखान्यात गाण्यावर कुणी मेहनत घेतली की नाही, हे मात्र त्याला लगेच कळतं.