राज्यसंस्थेची क्षमता आणि जनतेची मागणी : सामाजिक धोरणविषयक दोन ग्रंथांच्या निमित्ताने

सामाजिक धोरणाविषयीच्या इंग्रजी ग्रंथलेखनाला गेल्या दीड दशकात एक वेगळे वळण लागलेले दिसते. गरिबी का निर्माण होते, हा प्रश्न काहीसा मागे पडून कोणता उपाय लागू पडतो, हा प्रश्न अग्रभागी आला आहे. अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांचा ‘पुअर इकॉनॉमिक्स’ (2011) हा या वळणाचा प्रातिनिधिक ग्रंथ होय. कार्तिक मुरलीधरन यांचा ‘अ‍ॅक्सिलरेटिंग इंडियाज डेव्हलपमेंट’ (2024) हा आठशेहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ त्याच परंपरेत वाढलेला असला, तरी तो सुट्या उपायापाशी थांबत नाही. उपाय राबविणारी राज्यसंस्थाच दुर्बल असेल तर काय, हा त्याचा मूळ प्रश्न आहे. आणि तो रास्तही आहे.

बॅनर्जी-डुफ्लो यांच्या ग्रंथातील उदयपूर जिल्ह्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तेथील बालकांचे पूर्ण लसीकरण 6 टक्क्यांच्या आसपास होते. गावात नियमित शिबिरे भरविल्यावर ते सुमारे 18 टक्क्यांवर गेले आणि प्रत्येक लसीमागे किलोभर डाळ व शेवटी थाळ्यांचा संच दिल्यावर सुमारे 39 टक्क्यांवर पोहोचले. हा प्रयोग वर्गात आवर्जून सांगितला जातो. त्याच जिल्ह्यातील परिचारिकांच्या उपस्थितीचा प्रयोग मात्र क्वचितच सांगितला जातो. गैरहजेरीबद्दल वेतनकपातीची व्यवस्था प्रारंभी परिणामकारक ठरली. पुढे आरोग्य प्रशासनानेच ‘सूट’ दिलेल्या दिवसांची संख्या वाढवीत नेली आणि काही महिन्यांत सारा परिणाम ओसरला. दोषाचे खापर विचारप्रणाली, अज्ञान आणि जडत्व यांवर फोडून लेखकद्वय पुढे जाते. परंतु ज्यांच्यासाठी परिचारिका नेमली होती, त्या गावकऱ्यांनी तिच्या हजेरीचा आग्रह का धरला नाही, या प्रश्नाला हे स्पष्टीकरण पुरे पडत नाही.

मुरलीधरन यांनी हीच पोकळी हेरली आहे. अल्प उत्पन्नाच्या टप्प्यावरच सार्वत्रिक मताधिकार स्वीकारल्यामुळे भारतीय राज्यसंस्थेवर तिच्या कुवतीपेक्षा अधिक अपेक्षांचा भार पडला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. योजनांवरील खर्च वाढविण्यापेक्षा माहितीसंकलन, कर्मचारी-व्यवस्थापन व वित्तव्यवस्था यांच्या सुधारणेत गुंतवणूक केल्यास कित्येक पटींनी अधिक फळ मिळेल, असे ते सांगतात. या म्हणण्यामागे त्यांचे स्वतःचे संशोधन उभे आहे. अविभाजित आंध्र प्रदेशातील 157 मंडलांत, सुमारे 1.9 कोटी लोकवस्तीत, रोजगार हमीची मजुरी स्मार्टकार्डाद्वारे देण्याचा प्रयोग झाला. मजुरी लवकर मिळू लागली, गळती घटली. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष नंतर हाती आला : गरीब कुटुंबांच्या वाढीव उत्पन्नाचा मोठा हिस्सा योजनेतून नव्हे, तर खाजगी मजुरीतून आला होता. सरकारी काम खात्रीचे झाल्यामुळे मालकाला मजुरीचा दर वाढवावा लागला, असा त्याचा अर्थ. प्रशासकीय सुधारणेच्या अभ्यासातून येथे गावातील सत्तासंबंधच उघड होतात.

मुरलीधरन यांच्या मांडणीतील कच्चा दुवाही येथेच आहे. त्यांच्याकडे जनतेची मागणी प्राधान्याने भार म्हणून अवतरते. क्षमता निर्माण करणारी शक्ती म्हणून ती फारशी दिसत नाही. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने 1965 साली सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे झालेला प्रयोग लहान होता. 1972-73 च्या दुष्काळात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या जवळ गेली आणि डाव्या पक्षांचे व शेतमजूर संघटनांचे मोर्चे निघू लागले, तेव्हा त्या विचाराला राजकीय बळ आले. 1975 साली व्यवसाय कर लागू झाला, 1977 साली कायदा संमत झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. मागणी आधी आली. तिच्यासाठी करयंत्रणा, तांत्रिक कर्मचारी व कामांचे आराखडे मागाहून उभे राहिले. महाविद्यालयीन अध्यापकांच्या वेतनातून कापला जाणारा, वर्षाला 2,500 रुपयांपर्यंतचा व्यवसाय कर हा याच इतिहासाचा अवशेष आहे, याची जाणीव वेतनपत्रक पाहताना किती जणांना होत असेल, हा प्रश्नच आहे.

अर्थात, हा इतिहास एकतर्फी वाचणेही चूक ठरेल. 1988 साली योजनेवरील मजुरीचा दर सुमारे दुप्पट झाला. त्यानंतर मागेल त्याला काम मिळेनासे झाले व कामांचे अप्रत्यक्ष नियंत्रण सुरू झाले, असे रॅव्हेलियन, दत्त व चौधुरी यांच्या 1993 मधील अभ्यासात दिसून आले. हमी कागदावर कायम राहिली. तिच्या अंमलबजावणीत मात्र निधीला कात्री लागली. मागणीने उभी केलेली व्यवस्था मागणीचा आवाज क्षीण होताच आक्रसते, हे येथे स्पष्ट होते. मुरलीधरन यांचा क्षमतेवरील भर अशा प्रसंगी उपयुक्त ठरतो. परंतु क्षमता कोणाच्या बाजूने वापरली जाते, हे त्यांच्या आराखड्यातून कळत नाही. ज्याँ द्रेझ व अमर्त्य सेन यांच्या ‘अ‍ॅन अनसर्टन ग्लोरी’ (2013) या ग्रंथात प्रशासकीय तपशील तुलनेने थोडे आहेत, तरीही तमिळनाडू व केरळमधील सार्वजनिक सेवांचा संबंध तेथील सामाजिक चळवळींशी व लोकदबावाशी जोडून दाखविल्यामुळे तो या बाबतीत अधिक समाधानकारक वाटतो.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने 2005 च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात 100 ऐवजी 125 दिवसांच्या कामाची तरतूद आहे. पूर्वी अकुशल मजुरीचा संपूर्ण खर्च केंद्र उचलत असे, आता बहुतेक राज्यांना एकूण खर्चाचा 40 टक्के वाटा उचलावा लागणार आहे. केंद्र-राज्य वित्तसंबंधांविषयी मुरलीधरन यांनी केलेले विवेचन या बदलाच्या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगे आहे. मात्र वाढीव दिवसांचे काम मागण्यासाठी ग्रामपंचायतीच्या दारात कोण उभे राहील आणि नकार मिळाल्यास ते कोणाकडे जातील, याचा शोध त्या पृष्ठांबाहेरच घ्यावा लागेल.