नेढं आणि डेडझोन
फ्लाइट सिम्युलेटर, जॉयस्टिकची बटणं आणि भोर-वेल्ह्याचं आकाश

फ्लाइट सिम्युलेटरवर लिहिणारे बहुतेक जण चित्राबद्दल लिहितात. ढग किती खरे वाटतात, ओल्या धावपट्टीवर दिवे कसे चमकतात, ग्राफिक्स कार्ड कोणतं लागतं. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची नवी आवृत्ती आली, बिंग नकाशांच्या आधारे अख्खी पृथ्वी उडायला खुली झाली, आणि तेव्हापासून ही चर्चा जवळपास पूर्णपणे डोळ्यांची झाली. मला हाताबद्दल बोलायचं आहे. जॉयस्टिकची बटणं, मोड आणि फर्मवेअर लावायचा पडदा हा या खेळातला सगळ्यात कंटाळवाणा भाग समजला जातो. माझ्या मते तोच सगळ्यात वाचण्यासारखा आहे. उडणं म्हणजे काय, हाताची कोणती हालचाल महत्त्वाची आणि कोणती सोडून द्यायची, याबद्दलची सिम्युलेटरची मतं तिथे मांडलेली असतात. आणि ती खोडून आपली मतं लिहायची मुभा फक्त तिथेच असते.

हे तपासून बघायला एखादा ओळखीचा प्रदेश हवा. भोर आणि वेल्हे त्यासाठी उत्तम. तिथे विमानतळ नाही. दऱ्या खोल आहेत, धरणं आहेत, राजगड आणि तोरणा समोरासमोर आहेत. शिवाय हे दोन्ही गड आपल्यापैकी जवळपास प्रत्येकाने ड्रोनच्या रीलमध्ये वरून पाहिलेले आहेत. म्हणजे वरून बघण्यात नवीन काही उरलं आहे का, हा प्रश्नही आपोआप तपासला जातो.

डिफॉल्ट कोणाच्या सोयीचं?

समजा, सेसना १७२ हे छोटं विमान घेऊन लोहगावहून निघालात. धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटरवर आहे. नैर्ऋत्येकडे वळलं की खडकवासला, मग सिंहगड. पुढे उजव्या हाताला पानशेत आणि वरसगावचं पाणी, डाव्या हाताला राजगड, आणि समोर तोरणा. तोरण्याची उंची १४०३ मीटर, म्हणजे विमानाच्या हिशेबात ४६०० फूट. पाव तासात तुम्ही गडाजवळ पोहोचता.

नवी जॉयस्टिक जोडली की सिम्युलेटर स्वतःच बटणं वाटून देतो. याला डिफॉल्ट प्रोफाइल म्हणतात. त्यात चाकं, फ्लॅप, ब्रेक, ट्रिम अशा गोष्टी हाताशी येतात. हे वाटप सगळ्या विमानांसाठी आणि सगळ्या जगासाठी एकच असतं, त्यामुळे ते नेमकं कोणाचंच नसतं. सेसना १७२ ची चाकं आत घेताच येत नाहीत, ती कायम बाहेरच असतात. तरी चाकांसाठी एक चांगलं बटण अडवून ठेवलेलं असू शकतं. डिफॉल्टच्या मनात उडणं म्हणजे एका धावपट्टीवरून दुसऱ्या धावपट्टीवर जाणं. मधला वेळ प्रवासाचा.

भोर-वेल्ह्यात मधला वेळ हाच सगळा वेळ आहे. तिथे उतरायचं नाही, बघायचं आहे. त्यासाठी अंगठ्याखाली चार-आठ दिशांना हलणारी टोपी, म्हणजे हॅट स्विच, नजर फिरवायला लागते. चढणं-उतरणं सतत बदलत असल्याने ट्रिम हाताशी लागतं. ३००० फुटांच्या वर गेल्यावर हवा विरळ होते, म्हणून इंजिनातलं इंधन-हवेचं प्रमाण बदलायला एखादा अक्ष किंवा बटण लागतं. चाकांचं बटण काढून तिथे मिक्श्चर ठेवलं, की एक साधी गोष्ट कळते: आपण आत्ता खेळाच्या मताशी असहमती नोंदवली.

गडाभोवती फिरायला लागलं की असहमती आणखी ठळक होते. वैमानिक डावीकडे बसतो. गड खिडकीत राहायला हवा, तर डावीकडे वळत राहावं लागतं. म्हणजे देवळात आपण ज्या दिशेने जातो त्याच्या उलटी प्रदक्षिणा. वारा एका बाजूने असतो, त्यामुळे एकसारखं वळून चालत नाही. वारा पाठीशी असताना विमान जास्त कलवावं लागतं, समोरून असताना कमी. राजगडाच्या तिन्ही माच्या, पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी, एकेक करून खिडकीतून सरकतात आणि मध्ये बालेकिल्ला जागचा हलत नाही. रीलमध्येही हे सगळं दिसतं, पण तिथे अंतर राखण्याचं काम दुसऱ्याने केलेलं असतं. इथे ते तुमच्या मनगटाला करावं लागतं. संजीवनी माची किती लांब आहे, हे त्या मनगटाला कळतं.

पट्टी बदलली तरी भाता तोच

मोड म्हणजे काय, हे समजायला स्केलचेंजर पेटी आठवा. बोटं त्याच जागी, पट्ट्या त्याच, पण एक खटका सरकवला की सूर वेगळा. जॉयस्टिकवरचा मोड असाच चालतो. सायटेकच्या एक्स५२ प्रोवर तीन घरांची एक फिरती कळ आहे. करंगळीखालचं बटण दाबून धरलं की तिन्ही घरांना आणखी एकेक थर मिळतो. म्हणजे एका बटणाला सहा अर्थ.

ही तुलना उगाच केलेली नाही. १९२९ च्या सुमारास एडविन लिंक या अमेरिकन माणसाने वैमानिकांच्या शिक्षणासाठी जमिनीवरचं विमान बनवलं. तो ऑर्गन बनवणाऱ्या घरातला होता. त्या यंत्राला हलवायला त्याने ऑर्गनचेच भाते वापरले. सिम्युलेटर हा आपल्या पेटीचा लांबचा का होईना, पण नातलग आहे.

मोड लावताना बहुतेक जण उड्डाणाचे टप्पे पाडतात: उडताना, प्रवासात, उतरताना. ही विभागणी यंत्राची आहे. भोर-वेल्ह्यासाठी ती लक्षाप्रमाणे पाडलेली जास्त बरी. एक मोड जाण्याचा, एक पाहण्याचा, एक परतण्याचा. पाहण्याच्या मोडमध्ये टोपी नजर फिरवते, शेजारचं बटण दृश्य जवळ आणतं, तिसरं बटण नजर पुन्हा सरळ समोर आणतं. जाण्याच्या मोडमध्ये तीच टोपी ट्रिमचं काम करते.

याची एक किंमत आहे. आपण कोणत्या मोडमध्ये आहोत हे विसरलं, की नजर फिरवायला जावं आणि विमानाचं नाक खाली जावं. दोन गडांना जोडणाऱ्या डोंगररांगेवर ही चूक महाग पडते. म्हणून एक नियम पाळावा. जीव वाचवणाऱ्या गोष्टी, म्हणजे थ्रॉटल, ब्रेक, ऑटोपायलट बंद करणं, यांची जागा कुठल्याही मोडमध्ये बदलायची नाही. पट्टी बदलली तरी भाता तोच राहतो, तसं. चांगली मांडणी आणि नुसती हौशी मांडणी यातला फरक मला इथे दिसतो. हौशी मांडणी सहाच्या सहा थर भरते. चांगली मांडणी बरीच घरं रिकामी ठेवते.

न ऐकायचं किती?

जॉयस्टिक मध्यभागी सोडली तरी तिचा आकडा अगदी शून्य राहत नाही. स्वस्त काठीत आत पोटेन्शिओमीटर असतो. त्यातला कार्बनचा पट्टा घासतो, धूळ बसते, आणि हात न लावताही विमान थरथरायला लागतं. महागड्या काठ्यांत, आणि आता थ्रस्टमास्टरच्या टी.१६०००एम सारख्या मध्यम किमतीच्या काठीतही, हॉल सेन्सर असतो. तो चुंबकाचं क्षेत्र मोजतो. काही घासत नाही, म्हणून झिजतही नाही.

थरथर लपवायची सोपी युक्ती म्हणजे डेडझोन. मध्याभोवतीचा एक पट्टा ठरवायचा आणि सिम्युलेटरला सांगायचं, की या पट्ट्यातली हालचाल ऐकू नकोस. जुनी, सेकंडहँड काठी घेतलेल्या मुलांसाठी हे वरदान आहे. पण पट्टा मोठा केला की हाताचं हळू बोलणंही कानाआड जातं. मग तुम्ही थोडं हलवता, काही होत नाही. आणखी हलवता, एकदम होतं. ते दुरुस्त करायला उलट हलवता, आणि विमान झोके घेत राहतं. त्यामुळे कलण्याच्या आणि नाक वर-खाली करण्याच्या अक्षांना डेडझोन कमीत कमी ठेवावा. पिळून रडर चालवायच्या अक्षाला मात्र तो थोडा जास्त चालतो, कारण काठी कलवताना मनगट नकळत पिळलं जातंच. मधल्या भागातली हालचाल सौम्य करायची असेल तर त्याला प्रतिसादाची वक्ररेषा आहे. ती हळू ऐकते. डेडझोन ऐकतच नाही.

मला या पडद्याचं मोल इथे वाटतं. काय ऐकायचं नाही हे कोणीतरी ठरवतंच, फक्त इथे ते ठरवणारा आकडा तुमच्यासमोर असतो.

मांडणी कोणाच्या मालकीची?

बटणांची मांडणी दोन ठिकाणी राहू शकते: संगणकात किंवा काठीच्या आत. एक्स५२ चे मोड कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या प्रोफाइलवर चालतात. ते सॉफ्टवेअर नसलेल्या संगणकावर तुमचे सहा अर्थ गायब. व्हीकेबीसारखे उत्पादक मांडणी काठीतच साठवू देतात. कोणतं बटण शिफ्टचं काम करेल, आखूड दाबलं तर काय, दाबून धरलं तर काय, सगळं आत लिहिलं जातं. काठी मित्राच्या संगणकाला लावली तरी ती तुमचंच बोलते. त्यांचं सेटिंगचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडणाऱ्याला घाबरवतं, हा त्याचा खरा दोष आहे. आणखी एक अडचण अशी, की विंडोजची एक जुनी पद्धत एका काठीची १२८ बटणं ओळखू शकते, पण काही खेळ ३२ च्या पुढे मोजतच नाहीत. थर वाढवत गेलात तर एखादं बटण का चालत नाही, याचं उत्तर बरेचदा इथे सापडतं.

फर्मवेअर म्हणजे काठीतला छोटा प्रोग्राम. तो सेन्सरचे आकडे वाचतो आणि संगणकाला कळवतो. तो बदलताना वीज गेली तर काठी अर्धवट अवस्थेत अडकू शकते. पावसाळ्यात भरवशाची वीज नसेल तिथे हे काम लॅपटॉपवर करावं, त्याला बॅटरी असते. आणि काही बिघडलेलं नसेल तर निव्वळ नवं आलं म्हणून ते बदलू नये.

या सगळ्यात सगळ्यात मोकळा मार्ग फ्लाइटगिअरचा. हा सिम्युलेटर फुकट आणि मुक्त-स्रोत आहे. जॉयस्टिकची मांडणी एका एक्सएमएल फाइलमध्ये असते. ती साध्या एडिटरमध्ये उघडते. बटण दाबल्यावर काय व्हावं आणि सोडल्यावर काय व्हावं, हे वेगवेगळं लिहिता येतं. दिसायला तो मायक्रोसॉफ्टच्या जवळपासही नाही. पण पडद्यामागे काय चाललंय हे तो लपवत नाही, आणि जुन्या संगणकावर शिकू पाहणाऱ्यासाठी हे मोठं आहे.

जे काठीला दुरुस्त करता येत नाही

राजगडाच्या सुवेळा माचीला नेढं आहे. कातळाला आरपार पडलेलं नैसर्गिक भोक. तिथे बसून वारा खाल्लेल्या माणसाला ते वेगळं सांगायला नको. सिम्युलेटरमध्ये ते शोधायला गेलात तर तिथे सलग डोंगर असेल.

कारण बनावटीत आहे. सिम्युलेटरची जमीन म्हणजे उंचीच्या आकड्यांची जाळी. प्रत्येक ठिकाणाला एकच उंची. भोक असलेल्या जागेला दोन उंच्या लागतात, भोकाखालची आणि भोकावरची. ते या जाळीत बसतच नाही. फ्लाइटगिअरसारख्या सिम्युलेटरांना आधार असलेली उंचीची माहिती फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने गोळा केली. तिची बराच काळ वापरात असलेली प्रत साधारण ९० मीटरच्या चौकटींची होती. एका चौकटीत एक उंची, म्हणजे ताशीव कडा उतार बनतो. सह्याद्रीची ओळखच कडा असेल, तर हा छोटा तपशील नाही. नव्या सिम्युलेटरांची जाळी जास्त बारीक आहे, वर उपग्रहाचं चित्र पांघरलेलं आहे, पण पद्धत तीच. भाटघरचं पाणीही एका पातळीवर थांबलेलं असतं. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर उघडं पडणारं कांबरेश्वराचं देऊळ तिथे कधीच वर येत नाही.

हाही एक डेडझोनच आहे. फरक एवढाच, की त्याचा आकडा बदलायचा पडदा तुम्हाला दिलेला नाही. आपल्या हाताची थरथर किती ऐकायची हे तुम्ही ठरवता. सुवेळा माची किती ऐकायची हे दुसऱ्या कोणीतरी ठरवून ठेवलं आहे.

तरीही हा खेळ एक गोष्ट दाखवतो, जी यादी दाखवत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूदृश्यं म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं. त्यात राजगड आहे, तोरणा नाही. वेल्हे तालुक्याला राजगड नाव द्यायचा निर्णय मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला, तालुक्याचं गाव मात्र तोरण्याच्या पायथ्याशी आहे. कागदावर हे दोन गड वेगळे होतात. पाच हजार फुटांवरून एकाच डोंगररांगेवरून एकाकडून दुसऱ्याकडे जाताना ते वेगळे राहत नाहीत. भूदृश्य या शब्दाचा अर्थ तिथे कळतो.

म्हणून दुसऱ्याची तयार प्रोफाइल डाउनलोड करून थेट उडायला जाणाऱ्यांबद्दल माझी तक्रार आहे. सुरुवातीला ती घ्या, त्यात गैर काही नाही. पण दोन-तीन उड्डाणांनंतर प्रत्येक बटणाला विचारा, की तू इथे का? डेडझोनचा आकडा बघा आणि तो कमी करून बघा. मग एखाद्या रविवारी सुवेळा माचीवर जा आणि नेढ्यात बसा. सिम्युलेटर काय वगळतो याची यादी तिथूनच करता येते.