कारगिलच्या दोन वैमानिक स्त्रिया : एका बोलपटाचें परीक्षण

इतिहासाच्या त्रैमासिकांत बोलपटाचें परीक्षण कशाला, असें वाचक विचारतील. परंतु १२ ऑगस्ट २०२० रोजीं नेटफ्लिक्सवर प्रसिद्ध झालेला 'गुंजन सक्सेना : द कारगिल गर्ल' हा हिंदी बोलपट आमच्या मतें बखरच होय, तेव्हां बखरीची कसोटी त्यास लावणें प्राप्त आहे. येथें गोरेगांवीं एका जुन्या विद्यार्थ्यानें तो आम्हांस तळहाताएवढ्या पडद्यावर दाखविला. बापलेकीचे प्रसंग पाहतांना आमचेही डोळे पाणावले, हें आधींच कबूल करितों.

१९९९ च्या कारगिल युद्धांत गुंजन सक्सेना यांनीं चीता हेलिकॉप्टर चालवून जखमी सैनिक आणिले, रसद पोंचविली व शत्रूचीं ठाणीं हेरलीं. उंचावरील विरळ हवेंत तें हलकें यंत्र चालविणें हेंच मोठें धाडस. त्यास नाटकी कळसाची गरज नव्हती.

खरा दोष निराळाच आहे. उधमपुरास त्यांच्याबरोबर श्रीविद्या राजन याही नेमलेल्या होत्या, व त्याही त्याच युद्धांत उडाल्या. बोलपटांत त्यांचा मागमूस नाहीं, नायिका एकटीच! राजन यांनीं लगेच जाहीर लिहिलें कीं, श्रीनगरास पहिल्या तुकडीबरोबर आपण गेलों व गुंजन येण्यापूर्वींच उड्डाणें केलीं. कळसाचे पराक्रम तर घडलेच नाहींत. वायुदलानेंही चित्रणास हरकत घेतली, पण ती स्वतःच्या प्रतिमेपुरती. ती आम्ही गौण मानितों.

राजवाड्यांनीं १८९८ त 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याच्या पहिल्या खंडांत बखरींचीं प्रमादस्थळें दाखवून अस्सल पत्रांस मान दिला. येथेंही तोच न्याय. राजन यांची साक्षही २१ वर्षांनंतरची, म्हणून 'पहिली कोण' याचा निर्णय तीवरून करूं नये. वैमानिकाच्या उड्डाण-वहींत प्रत्येक उड्डाणाची तारीख, यंत्र व वेळ लिहिलेली असते. अस्सल कागद तो. 'दोघी होत्या' एवढ्यासाठीं मात्र वहीची वाट पाहण्याचें कारण नाहीं, आणि तेवढेंही बोलपटानें गाळलें, याबद्दल कर्त्यांस आम्ही दोष देतों.

मोडी दप्तरांसाठीं गांवोगांव हिंडणाऱ्या आमच्या संग्राहक बंधूंनीं निवृत्त वैमानिक स्त्रियांच्या घरींही जावें, आणि परवानगीनें त्यांच्या वह्यांच्या नकला उतरून घ्याव्या.