उद्योगांचे ‘आकर्षण’ : एका परिभाषेचे परीक्षण

काही राज्यांकडे उद्योगधंदे सहज जातात आणि काही राज्यांना ते प्रयत्न करूनही लाभत नाहीत, ही वस्तुस्थिती सर्वमान्य आहे. तिची मीमांसा करताना शासकीय अहवालांत, वृत्तपत्रांत आणि विद्यापीठीय प्रबंधांतही एकच क्रियापद योजले जाते : राज्य उद्योगांना ‘आकर्षित करते’. हा प्रयोग इतका रुळला आहे की त्यात एक संपूर्ण उपपत्ती गृहीत धरलेली आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. या वाक्यात राज्य हा कर्ता, उद्योग हे कर्म, आणि दोहोंमधला संबंध लोहचुंबक व लोखंड यांच्यातला. चुंबकाला गुण असावा लागतो. इतिहास असावा लागत नाही. ही उपपत्ती कितपत टिकते हे तपासणे अवश्य आहे, कारण तिच्या आधारावर जमिनी दिल्या जातात, कर सोडले जातात आणि मागास जिल्ह्यांतील तरुणांना रोजगाराची आश्वासने मिळतात.

‘उद्योग’ हा शब्द मुळात क्रियावाचक आहे. झटणे, कामास लागणे हा त्याचा मूलार्थ. ‘उद्योगी मुलगा’, ‘नसते उद्योग’ यांसारख्या प्रयोगांत तो अद्याप जिवंत आहे. या अर्थी उद्योग केला जातो. तो येत नाही वा जात नाही. कारखानदारीच्या काळात शब्द वस्तुवाचक झाला आणि उद्योग आणता, नेता व गमावता येऊ लागला. अर्थांतर ही भाषेतील नित्याची घटना होय. तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. तथापि या अर्थांतरात एक हानी झाली. क्रिया लोपताच ती करणारी माणसे, म्हणजे कुशल कामगार, सुटे भाग घडवणारा लहान कारखानदार, भांडवल पुरवणारा सावकार किंवा बँक, हीही वाक्यातून नाहीशी झाली. उरले ते राज्य आणि त्याने ओढून घ्यावयाची एक वस्तू.

या उपपत्तीचे सर्वांत शिस्तबद्ध रूप राज्यांच्या ‘व्यवसाय सुलभता’ क्रमवारीत दिसते. केंद्र सरकारने जागतिक बँकेच्या साहाय्याने तिची पहिली यादी २०१५ साली प्रसिद्ध केली. परवाने किती दिवसांत मिळतात, अर्ज एका खिडकीवर करता येतो काय, तपासणीची पद्धत कशी आहे, अशा सुधारणा राज्यांनी किती अमलात आणल्या हे तीत मोजले होते. त्या यादीत गुजरात पहिले होते, झारखंड तिसरे, छत्तीसगड चौथे. महाराष्ट्र आठवे आणि तामिळनाडू बारावे. या क्रमाचा प्रत्यक्ष कारखानदारीशी मेळ बसत नाही. कारखान्यांच्या संख्येत तामिळनाडू देशात अग्रेसर आहे. पुढे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या यादीत महाराष्ट्राचा क्रमांक तेरावा होता. परंतु ऑक्टोबर २०१९ पासून राज्यवार नोंदल्या गेलेल्या परकीय भांडवलात सर्वाधिक वाटा महाराष्ट्राचाच आहे. मुंबईतील मुख्य कचेऱ्यांमुळे हा आकडा काहीसा फुगतो असे धरले, तरी तेराव्या क्रमांकाचे राज्य पहिले का ठरते, हा प्रश्न उरतोच. २०२२ सालच्या यादीत क्रमांक वगळून राज्यांचे केवळ गट करण्यात आले. ज्या जागतिक अहवालावरून ही कल्पना घेतली होती, तो तर आकडेवारीतील गैरप्रकारांमुळे जागतिक बँकेने २०२१ साली बंदच केला.

क्रमवारी निरर्थक आहे, असा याचा अर्थ नव्हे. परवान्यासाठी हेलपाटे घालणाऱ्या लहान कारखानदाराला या सुधारणांचा खराच उपयोग होतो. मोठी कंपनी त्यासाठी स्वतंत्र माणूस नेमू शकते, लहान कारखानदार ते करू शकत नाही. आक्षेप आहे तो क्रमवारीवरून काढल्या जाणाऱ्या अनुमानावर. दार किती रुंद आहे हे तिने मोजले. घरात काय आहे हे मोजले नाही. चेन्नईच्या परिसरात १९९० नंतरच्या दशकात फोर्ड आणि ह्युंदाई यांचे मोटारींचे कारखाने आले, त्यापूर्वी कित्येक दशके तेथे अशोक लेलँडची मालमोटार बनत होती, टीव्हीएस समूहाचे सुट्या भागांचे कारखाने चालू होते, आणि बंदर तर त्याहूनही जुने होते. उलट झारखंडच्या भूमीत लोहखनिज आणि कोळसा असूनही स्वातंत्र्योत्तर काळातील भाडे-समानीकरणाच्या धोरणाने पोलाद देशभर एकाच भावाने मिळू लागले. त्यामुळे पोलाद वापरणाऱ्या कारखान्यांना खाणींच्या जवळ राहण्याचे कारण उरले नाही. हे धोरण १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभी संपले. पण त्या अवधीत न उभे राहिलेले कारखाने परवान्यांच्या सुधारणेने एकाएकी उभे राहत नाहीत.

‘राज्य’ हा घटकच या विवेचनात कसा अपुरा पडतो, हे महाराष्ट्राच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. कायदा एक, मंत्रालय एक, औद्योगिक विकास महामंडळ १९६२ पासून एक. मागास भागांत जाणाऱ्या कारखान्यांसाठी सवलतींची सामूहिक योजना १९६४ पासून चालू आहे, आणि तालुक्यांची वर्गवारी करून सर्वांत मागास तालुक्यांना सर्वाधिक सवलत देण्याचे तत्त्व तीत पुढे रूढ झाले. असे असताही कारखानदारीचा मोठा भाग मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यातच राहिला. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण अशा क्षेत्रांतील जिल्हावार अनुशेष मोजून दाखवला. मराठवाड्यात वाळूज हा ठळक अपवाद. तेथे १९८० नंतरच्या दशकात बजाज ऑटोचा कारखाना आला, त्याच्यामागून सुटे भाग पुरवणारे आले, त्यांच्याकडे शिकलेल्या कामगारांनी आपले कारखाने काढले, आणि औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर हे औद्योगिक शहर बनले. पहिला कारखाना येण्यास सवलतींचा हातभार लागला असेल; दहावा कारखाना आला तो पहिल्या नवांमुळे.

मराठीला या प्रक्रियेसाठी शब्द नव्हते, असे नाही. मराठेशाहीत नवी पेठ ‘वसवली’ जाई. उदमी आणि कारागीर यांना राज्याकडून कौल मिळे; काही वर्षे जकात व पट्टी माफ होई; शेटे-महाजन नेमले जात. पडीत जमीन लागवडीस आणणाऱ्याला इस्ताव्याने सारा द्यावा लागे, म्हणजे आरंभी थोडा आणि पुढे वर्षागणिक वाढता. आजच्या करसवलतींचे हे पूर्वरूपच होय. तथापि या शब्दांत दोन गोष्टी स्पष्ट होत्या. कौल हे राज्याने दिलेले वचन होते, आणि सवलतीला मुदत होती. मुदतीनंतर पेठ टिकायची ती गिऱ्हाइकाच्या बळावर. पुण्याच्या पेठा पेशव्यांच्या दरबाराच्या मागणीवर भरभराटल्या. १८१८ साली दरबार गेला तेव्हा ती मागणीही ओसरली.

वचनाचे महत्त्व दोन उदाहरणांनी दाखवता येईल. बेळगावात नगरपालिकेच्या योजनेमुळे जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानच्या अधिपतींनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. औंधाजवळ बंदर नव्हते, बाजारपेठ नव्हती. रेल्वेचे स्थानक आणि शब्द पाळणारा राजा एवढेच होते. दुसरे उदाहरण सिंगूरचे. पश्चिम बंगालमध्ये सुमारे ९९७ एकर जमीन नॅनो मोटारीसाठी संपादित झाली. अनेक शेतकऱ्यांनी मोबदला नाकारला आणि ऑक्टोबर २००८ मध्ये टाटा मोटर्सने गुजरातेतील साणंदची वाट धरली. साणंदची जमीन मुळातच सरकारच्या मालकीची होती, अर्थात तिच्यावरून तंटा नव्हता. त्याशिवाय अत्यल्प व्याजाचे कर्जही मिळाले. सिंगूरचे भूसंपादन सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली रद्द ठरवले. ज्या जमिनीविषयी दिलेला शब्द राज्याला पाळता येत नाही, ती कितीही स्वस्त दिली तरी महागच पडते. साणंदचा उत्तरार्धही बोधप्रद आहे. नॅनो मोटार २०१८ नंतर बनली नाही, शेजारच्या फोर्डने २०२१ साली उत्पादन थांबवले. तरी फोर्डचा तोच कारखाना टाटांच्या कंपनीने २०२३ साली घेतला. मोटार गेली, मालक बदलला, पण वसाहत राहिली.

‘आकर्षणा’च्या परिभाषेची दुसरी बाजू सप्टेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने अनुभवली. वेदांत आणि फॉक्सकॉन यांच्या अर्धवाहक प्रकल्पासाठी तळेगावचे नाव चर्चेत होते. करार गुजरातशी झाला, आणि प्रकल्प ‘पळवला’ हे क्रियापद मराठी वृत्तपत्रांत सर्वतोमुखी झाले. पळवण्यासाठी वस्तू आधी आपल्या ताब्यात असावी लागते. येथे कारखान्याची एक वीटही रचलेली नव्हती. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले, तेव्हा पळवलेली वस्तू पळवणाऱ्याच्याही हाती उरली नाही. रोजगार हुकल्याचे दुःख खरे होते आणि ते क्षुल्लक मानता येणार नाही. परंतु त्या शब्दाने चर्चा दोन राज्यांच्या अस्मितेवर खिळली आणि तळेगावऐवजी नांदेड किंवा गडचिरोली यांचे नाव मुळात चर्चेत का नव्हते, हा प्रश्न बाजूला पडला.

परिभाषा बदलल्याने कारखाने उभे राहत नाहीत, हे उघड आहे. परंतु कोणते प्रश्न विचारावयाचे हे परिभाषा ठरवते. ‘आकर्षण’ म्हटले की शेजारी राज्य किती सवलत देते असा प्रश्न पुढे येतो, आणि वस्तू व सेवा करातील आपला वाटा परत करण्याची चढाओढ लागते. या चढाओढीत गेलेला पैसा तंत्रशिक्षणाला आणि रस्त्यांना उरत नाही. ‘वसवणे’ म्हटले की आधी काय वसले आहे, कोणाला कोणते काम येते, दिलेले वचन कोण पाळील आणि सवलतीची मुदत संपल्यावर काय राहील, हे प्रश्न क्रमाने येतात. महामंडळाच्या क्षेत्राला ‘औद्योगिक वसाहत’ हे नाव देताना मराठीने अचूक शब्द निवडला होता. धोरणाची भाषा त्या शब्दाशी जुळती झाली, तर सवलतीची फाईल हातावेगळी करण्यापूर्वी त्या तालुक्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत कोणती यंत्रे आहेत आणि शिकवणारा आहे की नाही, याचीही चौकशी होऊ लागेल.